घरपट्टी भरण्याआधी बिल वाचा: महाराष्ट्रातले राज्याचे आणि स्थानिक कर, क्रमाने

कर भरायचे राहून गेले म्हणून अडकलेली माणसं तशी कमी भेटतात. जास्त भेटतात ती दरवर्षी इमानेइतबारे भरूनही अडकलेली. कोणी दहा वर्षं आधीच्या मालकाच्या नावावर पैसे भरत असतो. कोणाचं राहतं घर पालिकेच्या दप्तरी दुकान म्हणून नोंदलेलं असतं. कोणाचा व्यवसाय कर पगारातूनही कापला जातो आणि वर्षाअखेरीस तो स्वतःही भरतो. या सगळ्यांकडे पावत्या असतात, पण त्या पावतीवर काय लिहिलंय ते कोणी वाचलेलं नसतं.

खाली दिलेला क्रम महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे. आयकर केंद्राचा, तो इथे नाही. सर्वांत जास्त जागा घरपट्टीला दिली आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

## टप्पा १: कोणता पैसा कोणाच्या तिजोरीत जातो ते वेगळं करा

एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा. डाव्या बाजूला स्थानिक संस्थेचे कर: घरपट्टी किंवा मालमत्ता कर, पाणीपट्टी, साफसफाई, दिवाबत्ती. उजव्या बाजूला राज्याचे: व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, विजेच्या बिलातलं वीज शुल्क, आणि दुकानाच्या बिलावर दिसणारा राज्याचा जीएसटी.

यातली मेख अशी, की पालिकेच्या बिलातही राज्याचा पैसा असतो. शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी कर राज्याने लावलेले आहेत. महापालिका ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. त्यामुळे 'लवकर भरा, सवलत मिळवा' अशी जाहिरात आली, की ती सवलत पूर्ण बिलावर आहे का फक्त 'सर्वसाधारण करा'वर, हे आधी बघायचं. पुण्यात ती सर्वसाधारण करावरच मिळते. लोक एकूण रकमेवर टक्के काढतात, आकडा जुळला नाही की खिडकीवर भांडतात आणि परत येतात.

गावात असाल तर हीच कामं ग्रामपंचायतीत होतात, पण कागदांची नावं बदलतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची, आणि नमुना १० म्हणजे पैसे भरल्याची पावती. ग्रामसेवकाकडे 'घराचा उतारा द्या' म्हटलं की हातात पडतो तो नमुना ८.

तपासा: तुमचं घर नक्की कोणाच्या हद्दीत आहे? शहरालगतची बरीच गावं महापालिकांत गेली आहेत. पाच-सात वर्षांपूर्वीची ग्रामपंचायतीची पावती हातात असेल, तर आधी हद्द विचारून घ्या.

## टप्पा २: ऑफिसात जाण्याआधी कागद जमवा

हे काम घरी बसून करायचं. खिडकीसमोर उभं राहून पिशवी उपसायची नाही.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा: चालू वर्षाचं बिल, मागच्या तीन वर्षांच्या पावत्या, नोंदणीकृत खरेदीखत किंवा करारनामा, सूची क्रमांक दोन म्हणजे ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, आणि ताजं वीज बिल. घर वारशाने आलं असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचे कागदही.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो मालमत्ता क्रमांक. मुंबईत तो अक्षरं आणि अंक मिळून पंधरा खुणांचा खाते क्रमांक असतो, इतर शहरांत त्याची रचना निराळी. बिलावरून तो कागदावर उतरवून घ्या आणि दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मी एकदा मोबाइलवर घाईघाईत भरताना एक अंक चुकवला आणि समोरच्या विंगेतल्या कुणाची तरी घरपट्टी भरून मोकळा झालो. स्क्रीनवर नाव दिसत होतं, पण मी बघत होतो फक्त रक्कम. पैसे वळते करून घ्यायला चार महिने आणि सात हेलपाटे लागले. चूक माझीच होती, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं.

## टप्पा ३: बिल वरून खाली वाचा, रक्कम सर्वांत शेवटी

बिल हातात आलं की डोळे थेट खालच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे जातात. तो आकडा बोटाने झाका आणि पुढच्या पाच गोष्टी याच क्रमाने बघा.

नाव. करदात्याचं, आणि काही बिलांवर त्याखाली भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं. तुम्ही मालक असून तुमचं नाव फक्त भोगवटादाराच्या ओळीत असेल, तर नोंद अर्धवट आहे.

वापर. निवासी, बिगरनिवासी का मिश्र? आधीच्या मालकाने पुढच्या खोलीत शिकवणी किंवा ब्यूटी पार्लर चालवलं असेल, तर ती नोंद तशीच राहिलेली असू शकते. बिगरनिवासी दर निवासीच्या किती तरी पट असतात, शिवाय रोजगार हमी कर लागतो तो वेगळा. राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी कराची रक्कम दिसली, तर वापराची नोंद चुकली आहे असं समजून लगेच कामाला लागा.

क्षेत्रफळ. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) आहे का बांधीव (भिंती धरून)? चौरस फूट आहे का चौरस मीटर? एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. करारनाम्यातला आकडा आणि बिलातला आकडा एकाच मापात आणा, मग तुलना करा. यात मुंबईकरांनी विशेष लक्ष घालावं. ५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या राहत्या घरांना तिथे १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. बिलावर तो आकडा ४६.४५ चौरस मीटर असा दिसतो. नोंदीत दोन चौरस मीटर जास्त पडले की माफी हातची गेली.

मूल्य. कर कशावर लागतो ते इथे कळतं. बहुतेक महापालिका भाडेमूल्यावर आकारणी करतात. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्य धरतात, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर, क्षेत्रफळ अशा घटकांचा गुणाकार.

भाडेमूल्याची पद्धत समजायला एक हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या भागाचा दर पालिकेच्या तक्त्यातून घ्या. समजा घर ६०० चौरस फुटांचं आणि पालिकेने ठरवलेला दर महिन्याला फुटाला ४ रुपये. ६०० गुणिले ४ गुणिले १२ म्हणजे २८,८०० रुपये वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी कायद्याने १० टक्के वजा, म्हणजे २,८८०. उरले २५,९२०, हे झालं करपात्र मूल्य. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी लाभकर, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर हे सगळे टक्के या २५,९२० वर लागतात. दहा टक्के वजा झालेले नसतील तर तो आक्षेपाचा मुद्दा. आणि तुम्हाला खरं भाडं महिन्याला पंधरा हजार मिळतंय म्हणून 'पालिकेने चार रुपये कसे धरले' असं विचारायला जाऊ नका!

थकबाकी आणि शास्ती. मागील बाकी, चालू मागणी आणि शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, या तीन ओळी वेगळ्या वाचा. मुंबईबाहेरच्या महापालिकांत मुदतीनंतर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. १२,००० थकले तर महिन्याला २४०, वर्षाला २,८८०. चोवीस टक्के व्याजाचं कर्ज कोणी खुशीने घेत नाही, पण घरपट्टीच्या बाबतीत लोक ते निवांत अंगावर वागवतात.

'शास्ती' हा शब्द बिलावर आणखी एका अर्थाने येतो: अनधिकृत बांधकामाची शास्ती. ती कराच्या दुपटीपर्यंत जाते. ६०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी बांधकामांना २०१७ च्या बदलानंतर ती लागत नाही.

सावधान: अनधिकृत बांधकामाची शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं, असा अर्थ अजिबात होत नाही. कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं आहे. एजंट वेगळं सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

## टप्पा ४: आधी नाव लावा

घर घेतलं, नोंदणी झाली, इंडेक्स टू हातात आला. आता सगळीकडे आपलं नाव आपोआप लागेल, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात नाव पाच ठिकाणी वेगवेगळं लागतं: सोसायटी, वीज मीटर, पाण्याचा मीटर, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, आणि घरपट्टी. एका ठिकाणची नोंद दुसरीकडे पोचली असेल यावर विसंबायचं नाही, पाचही ठिकाणी स्वतः खात्री करायची.

घरपट्टीच्या नोंदीसाठी महापालिका अधिनियमात व्यवहारानंतर तीन महिन्यांच्या आत लेखी कळवायची मुदत आहे. ही सूचना जाईपर्यंत पालिका कर मागणार तो जुन्या मालकाकडे. यावर घेणारा खूश असतो, पण त्यात काही राम नाही. मालमत्ता कराचा बोजा जागेवर असतो. जुन्या मालकाने पाच वर्षं थकवलं असेल, तर जप्तीची नोटीस तुमच्याच दाराला चिकटणार.

माझ्या आत्याचा फ्लॅट अकरा वर्षं आधीच्या मालकाच्या नावावर होता. ती नियमित भरायची आणि पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपायची. विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने विचारलं, 'हे गृहस्थ कोण?' ते गृहस्थ वारले होते, त्यांचा मुलगा परदेशी. तिच्याकडे नोंदणीकृत खरेदीखत होतं म्हणून निभावलं, पण व्यवहार तीन महिने लांबला.

क्रम असा ठेवा:

१. घर घेण्यापूर्वी विकणाऱ्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागा. तोंडी 'सगळं क्लिअर आहे' चालणार नाही.
२. नोंदणी झाली की हस्तांतरणाचा अर्ज, खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचा ना हरकत दाखला आणि शेवटची पावती असं सगळं वॉर्ड ऑफिसात किंवा ऑनलाइन द्या.
३. हस्तांतरण फी भरा. ती प्रत्येक पालिकेत वेगळी.
४. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, बघतो' हे ऐकून ठेवून येऊ नका.
५. पुढच्या बिलावर नाव आलं का ते बघा.

नावनोंदणीला लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली तर त्याच कायद्याने अपील करता येतं. ऑफिसातल्या फलकावर सेवा, दिवस आणि अपील अधिकारी ही माहिती लावलेली असते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सावधान: घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. भोगवट्याला ती आधार देते, इतकंच. 'आमची घरपट्टी आहे' एवढ्या जोरावर जागा विकणाऱ्यापासून लांब राहा.

## टप्पा ५: सवलत मागा, हरकत घ्या, पण मुदतीत

सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्क्यांची सवलत आहे, पण २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या घरांच्या मालकांना त्यासाठी पीटी-३ हा अर्ज आणि राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. शेजाऱ्याचं बिल आपल्यापेक्षा कमी का, याचं उत्तर पुष्कळदा या अर्जात असतं. माजी सैनिकांसाठीही राज्याची माफीची योजना आहे, तिथेही अर्ज लागतोच. काही शहरांत सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, गांडूळखत यांवर सवलत मिळते, मात्र यंत्रणा चालू असावी लागते. गच्चीवर गंजलेलं पॅनल दाखवून भागत नाही.

आकारणीच चुकली असेल तर लेखी हरकत घ्यायची. नवीन आकारणी झाली किंवा करपात्र मूल्य वाढवलं की विशेष नोटीस येते, आणि हरकतीची शेवटची तारीख त्या नोटिशीवरच असते. ती दिवसांत मोजली जाते, महिन्यांत नाही. इथे सर्वांत जास्त गफलत होते: नोटीस सोसायटीच्या ऑफिसात पडून राहते, सेक्रेटरी गावी गेलेले असतात, आणि आपल्याला कळतं थेट बिल आल्यावर.

हरकतीच्या अर्जात गाऱ्हाणं नको. 'कर फार जास्त आहे' या वाक्यावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. 'नोंदीत क्षेत्र ७२ चौ. मी., मंजूर नकाशानुसार ६१ चौ. मी., नकाशाची प्रत जोडली आहे' यावर त्याला काहीतरी करावंच लागतं. एका अर्जात एकच चूक आणि तिचा कागद. सुनावणीला स्वतः जा. हरकत फेटाळली तर न्यायालयात अपिलाची वाट आहे, पण तिथे मुदत पंधरा दिवसांचीच आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सुनावणीत जेवढं मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यावं.

तपासा: हरकत दिली म्हणून भरणा थांबवलात का? थांबवू नका, शास्ती चालूच राहते. 'हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे' असं पत्र देऊन पैसे भरा.

## टप्पा ६: आता भरा

भरण्याचं काम सर्वांत सोपं, म्हणून थोडक्यात. पालिकेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. क्रमांक टाकल्यावर आधी नाव वाचा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन दिवसांनी खात्यात जमा दिसते का ते बघा. पावतीची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या.

चेक देत असाल तर मागच्या बाजूला मालमत्ता क्रमांक आणि फोन नंबर लिहा. पावती चेक वटल्यावरच खरी.

अभय योजनेची वाट बघत थकबाकी ठेवणारे पुष्कळ आहेत. योजनेत बहुधा शास्तीचाच काही भाग माफ होतो, मूळ कर पूर्ण द्यावाच लागतो. जुनी थकबाकी गळ्यात असेल तर योजना आल्यावर तिचा फायदा जरूर घ्या, पण नवी थकबाकी त्यासाठी साठवू नका.

## टप्पा ७: व्यवसाय कर दोनदा भरत नाही ना?

राज्यघटनेनेच या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. पगारदाराच्या पगारातून मालक तो कापतो: महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. अकरा गुणिले दोनशे अधिक तीनशे, बरोबर अडीच हजार. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, असं विचारायला अकाउंट्समध्ये जाणारा एक तरी माणूस दरवर्षी प्रत्येक ऑफिसात सापडतो. ७,५०० पर्यंत पगाराला कर नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर कर नाही. ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे.

स्वतःचा व्यवसाय असेल, म्हणजे वकील, डॉक्टर, सल्लागार, दुकानदार, भागीदार, कंपनीचे संचालक, तर स्वतःच्या नावाने नोंदणी करून वर्षाचे २,५०० तीस जूनपर्यंत भरायचे. याला म्हणतात पीटीईसी. तुमच्याकडे पगारी माणसं असतील तर त्यांच्या पगारातून कापलेला कर भरायला दुसरी नोंदणी, पीटीआरसी. दोन्ही क्रमांक दिसायला सारखे, शेवटी 'पी'. पण पीटीईसीची सुरुवात ९९ ने होते आणि पीटीआरसीची २७ ने. घोळ होतो तो इथेच. स्वतःचे अडीच हजार पीटीआरसीत जमा होतात, पीटीईसीवर थकबाकी तशीच, आणि नोटीस येते.

नोकरी सांभाळून व्यवसायही करत असाल तर कर एकदाच लागतो. पीटीईसीत भरल्याचं प्रमाणपत्र नोकरीच्या ठिकाणी द्या, म्हणजे पगारातून कपात होणार नाही. कपात होऊन गेल्यावर परत मिळवण्याचा खटाटोप अडीच हजारांसाठी कोणी करत नाही, त्यामुळे हे एप्रिलमध्येच उरकायचं.

## टप्पा ८: उरलेले तीन, झटपट

घर घेताना: मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं. करारात आकडा कमी दाखवून शुल्क वाचत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावे असेल तर निवासी खरेदीवर एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

गाडी परराज्यातून आणली असेल तर: बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार असाल तर इथली नोंदणी आणि इथला कर लागतो. आधी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, मग इथे कर, मग इथल्या पावतीच्या आधारे मूळ राज्यात परताव्याचा अर्ज. दाखला न घेता गाडी आणली की तिकडे परत खेप घालावी लागते.

विजेचं बिल: घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं. ते राज्याचं, त्यावर हरकत घेण्यासारखं काही नाही. फक्त मीटरचा वर्ग घरगुतीच आहे ना, एवढं बघा. वापराच्या नोंदीचा जो घोळ घरपट्टीत होतो, तोच इथेही होतो, आणि पुष्कळदा एकाच घरात दोन्हीकडे सापडतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी यातलं काय बघायचं? लिव्ह अँड लायसन्सच्या करारात घरपट्टी कोण भरणार हे एका ओळीत लिहून घ्यायचं, आणि घरमालक 'तुमच्या नावाने पावती नको' म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. पावती त्याच्या नावाची असणंच बरोबर आहे.